पाणरेषेखालची निगा

मराठीत 'जीर्णोद्धार' आणि 'निगा' हे दोन शब्द एकाच चिंतेतून आले असले, तरी त्यांचे भाग्य निराळे आहे. जीर्णोद्धाराला मुहूर्त असतो, कर्ता असतो आणि बहुधा एखादा शिलालेखही असतो. निगेला यांपैकी काहीच लाभत नाही. ती नीट झाली, तर झाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. जमिनीवरच्या वास्तूंच्या बाबतीत हा भेद काही काळ खपून जातो. एखादे मंदिर पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिले, तरी कुणी दाता पुढे येऊन ते उभे करू शकतो. नौकेला अशी सवड नसते. कोकणातला दर्यावर्दी पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढतो, झापांनी शाकारतो, तळ खरवडतो, फटी बुजवतो आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात लोटतो. हौसेने जुनी यंत्रनौका बाळगणारा धनिकही याच नियमाने बांधलेला असतो. पाहुण्यांना दिसतात ते पितळी कठडे आणि रोगण दिलेली सागवानी केबिन. नौकेचे आयुष्य मात्र ठरते ते पाणरेषेखालच्या फळ्यांवर आणि तळाशी साचणारे पाणी उपसणाऱ्या पंपावर.

हा नौकेचा धर्म एका अचल वास्तूलाही लागू पडतो, आणि ती वास्तू समुद्रापासून शेकडो मैल दूर, जयपुरात आहे. आमेरच्या वाटेवर, अरवलीच्या टेकड्यांच्या कुशीत मानसागर नावाचा तलाव आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळानंतर दोन टेकड्यांमध्ये बांध घालून येथे पाणी अडवण्यात आले. या तलावाच्या मध्यभागी असलेल्या जलमहालाला अठराव्या शतकात आजचे रूप आले. काठावरून पाहणाऱ्याला तो एकमजली, काहीसा बुटका वाटतो. वस्तुतः त्याला पाच मजले आहेत आणि तलाव भरलेला असताना त्यांपैकी चार पाण्याखाली असतात. नांगर टाकून उभ्या असलेल्या दगडी नौकेसारखे त्याचे आयुष्य आहे. त्याचा मोठा भाग सतत भिजत असतो आणि तोच दृष्टीआड असतो.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या महालाच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा जे आढळले ते विचार करायला लावणारे आहे. पाण्याखालच्या मजल्यांत थोडीफार ओल होती, परंतु गळती म्हणावी अशी जवळजवळ नव्हती. अडीच शतके पाण्यात उभे राहूनही जुन्या गिलाव्याने आपले काम सोडले नव्हते. नष्ट झाली होती ती गच्चीवरची बाग. म्हणजे जे सर्वांना दिसत होते ते गेले, आणि जे कुणालाच दिसत नव्हते ते टिकले. दुरुस्तीसाठी जुनीच सामग्री पुन्हा वापरण्यात आली: चुना, वाळू आणि सुरखी यांच्या मिश्रणात गूळ, गुग्गुळ आणि मेथीची पूड. मराठी मुलखातील वाडे आणि किल्ले ज्या घाणीच्या चुन्यावर उभे राहिले, त्याच कुळातले हे ज्ञान. त्याचे ग्रंथ फारसे नाहीत; ते कारागिराच्या हातात राहते आणि हात थांबले की संपते. म्हणून अशा कामात भिंतीच्या बरोबरीने त्या हातांचाही जीर्णोद्धार होत असतो.

तथापि महालाचे खरे दुखणे त्याच्या भिंतींत नव्हतेच. ते पाण्यात होते. वाढत्या शहराचे सांडपाणी ब्रह्मपुरी आणि नागतलाई या दोन नाल्यांतून वर्षानुवर्षे मानसागरात येत होते. तळाशी गाळ साचला, पाण्याला दुर्गंधी सुटली, पक्षी दुरावले. अशा तलावात महाल कितीही निगुतीने सावरला, तरी तो विषात ठेवलेला दागिनाच ठरला असता. त्यामुळे नाले वळवावे लागले, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागली, गाळ उपसावा लागला, पक्ष्यांसाठी बेटे करावी लागली. एका वास्तूच्या दुरुस्तीसाठी एका शहराला आपल्या मोऱ्यांकडे पाहावे लागले. वास्तू ज्यात उभी आहे त्याच्यासह तिचा विचार केला नाही, तर संवर्धन हे केवळ रंगकाम होते, हा धडा जलमहालाइतक्या उघडपणे क्वचितच कुठे मिळतो.

गच्चीवर आता पुन्हा बाग आहे; ती नव्याने रचलेली आहे. येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक परिचित प्रश्न भेटतो. १५८४ साली एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यात स्वतःची ओवी घालू नये, असा निर्बंध त्यांनी घालून दिला. स्वतः थोर कवी असलेल्या संपादकाचा तो संयम होता. पण पाण्यात उभ्या असलेल्या वस्तूला हा निर्बंध अक्षरशः पाळता येत नाही. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० पासून २००१ पर्यंत तिची दुरुस्ती चालली. जुने सागवान जेथे धड होते तेथे राखले गेले, कुजले होते तेथे नवे लाकूड बसवावे लागले. नवी फळी ही प्रक्षिप्त ओवी मानायची काय? भार वाहण्यासाठी घातलेली फळी आणि मिरवण्यासाठी घातलेली फळी यांत फरक करावाच लागेल. या कसोटीवर जलमहालाचा चुना निःशंक उतरतो. बागेविषयी मात्र मतभेदाला जागा उरते.

महालाकडे जाण्यासाठी राजपूत धाटणीच्या लाकडी नावा घडवल्या गेल्या, त्या वृंदावनच्या नावाड्या-कारागिरांकडून. त्या नावांत बसण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न मात्र सुताराच्या हातचा नव्हता. तलावाकाठची सुमारे १०० एकर जमीन खासगी विकासकाला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा करार राजस्थान उच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तो मान्य करताना मुदत ३० वर्षांवर आणली. जीर्णोद्धाराला पैसा लागतो आणि पैसा आपला मोबदला मागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु निगा ही मुदतीच्या कराराने बांधता येणारी गोष्ट नव्हे. मुदत संपल्यानंतरच्या दिवशीही पाणी भिंतीला लागलेलेच असते.

त्याच २०१४ साली मुंबईत 'विक्रांत' ही विमानवाहू नौका भंगारात गेली. १९९७ साली निवृत्त झाल्यावर २००१ पासून ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली होती. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणास्तव ती बंद करावी लागली. तिच्याविषयीच्या अभिमानात काही उणे नव्हते. उणी पडली ती वर्षानुवर्षे करावी लागणारी, उत्सवाला न येणारी निगा. जयपूरच्या तलावात दर पावसाळ्यात पाणी चढते आणि उन्हाळ्यात उतरते. पाणी उतरते तेव्हा महालाच्या भिंतीवर ओलीची रेषा उघडी पडते. छायाचित्रांसाठी ती वेळ गैरसोयीची असते. गवंड्याने महालाकडे पाहावे, अशी वेळ मात्र तीच.