बदलापुरात बिऱ्हाड करावे काय?

राहण्याची जागा पाहायला रविवारी जाऊ नये, असे आमचे मत झाले आहे. रविवारी गाडी रिकामी असते, नळाला पाणी नसले तरी कळत नाही, आणि एजंट स्वतःच्या मोटारीतून फिरवतो. त्या दिवशी कोणतीही वस्ती चांगलीच दिसते.

आम्ही विक्रोळीला अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. करार संपला की भाडे वाढते, नाहीतर ट्रंका उचलाव्या लागतात. कन्या यंदा नववीत गेली. दहावीच्या वर्षी पुन्हा सामान हलवायचे नाही असे पत्नीने बजावले आणि बदलापूरचे नाव निघाले. कल्याण, अंबरनाथ मागे टाकून कर्जतच्या वाटेवर हे गाव लागते. भाव कारकुनाच्या आवाक्यात आहेत. शिवाय १९२७ साली बाबासाहेब येथील शिवजयंती उत्सवाला अध्यक्ष म्हणून आले होते, त्यामुळे गावाबद्दल मनात आपुलकी होतीच.

पहिली खेप अर्थातच रविवारची. एजंटाने पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूची नवी इमारत दाखवली. गच्चीवरून डोंगर, खाली हिरवेगार. कन्येने तेथेच अभ्यासाचे टेबल कोणत्या खिडकीशी ठेवायचे ते ठरवून टाकले.

दुसऱ्या खेपेस आम्ही बुधवारी कचेरी सुटल्यावर निघालो. मायलेकी ठाण्याला बायकांच्या डब्यात चढल्या. आम्हाला कल्याणपर्यंत पाय टेकण्यापुरतीच जागा होती. बी.कॉम.चा उपयोग असा झाला की उभ्या उभ्या हिशेब मांडला. आतापेक्षा रोज पावणेदोन तास जास्त. वर्षाचे २८० दिवस धरले तर ४९० तास, म्हणजे वीस दिवस आणि वीस रात्री. फ्लॅटच्या किमतीत हे कोणी लिहीत नाही.

उतरल्यावर त्या नव्या इमारतीजवळच्या वाण्याकडे बिस्किटाचा पुडा घेतला आणि नदी किती लांब आहे, असे विचारले. तो म्हणाला, "नदी किती लांब ते विचारू नका भाऊ, पाणी कुठवर आलं होतं ते विचारा." आणि त्याने छातीएवढ्या उंचीवर भिंतीला हात लावला. २६ जुलै २००५ आम्हाला आठवत होतेच. २०१९ च्या जुलैतही बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी काढावे लागले होते. एजंटाने 'नदीकाठ' हा शब्द दहा वेळा वापरला होता, 'पूर' हा एकदाही नाही. कन्येचे टेबल तेथेच राहिले.

मग रिक्षाने पूर्वेला कात्रपकडे गेलो. येथे जीवन प्राधिकरणाचे पाणी. पाणी येते का, हा प्रश्न निरर्थक आहे. किती वाजता येते, किती वेळ राहते आणि टँकरचे पैसे कोण भरतो, हे विचारावे. पत्नीने जिन्यातल्या बायकांना तसेच विचारले. आम्ही सेक्रेटरींकडे जमाखर्चाची वही मागितली. गृहस्थांना कौतुक वाटले. मे महिन्यातील टँकरची बिले त्यांनी स्वतः काढून दाखवली, चहाही सांगितला. मग म्हणाले, "साहेब, पूर्ण नाव काय म्हणालात?"

पूर्ण नाव सांगितले. मग गाव विचारले. मग खाण्यापिण्याचे. चहा आला तोवर मालकांनी जागा बहुधा दुसऱ्याला देऊ केली आहे, ते कळवतील, असे निघाले. वही मिटली गेली. चहा आम्ही प्यालो नाही.

जिना उतरताना कन्या म्हणाली, "बाबा, आत्ता तर चावी दाखवली होती त्यांनी." तिची आई म्हणाली, "चल, चप्पल नीट घाल, ओलं आहे."

परत फिरणार होतो, पण मागच्या गल्लीत तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली, रंग उडालेली एक इमारत होती व 'जागा विकणे आहे' अशी पाटी होती. तळमजल्यावरच्या उघड्या दारातून बाबासाहेबांचा फोटो दिसला. शेजारचे दार मालवणी कुटुंबाचे. त्या मालवणी बाईच म्हणाल्या, "पावसात कशाला उभे? आत या." पाणी दिले. टँकर येथेही येतो, वीज पावसात जाते, शाळेची रिक्षा महाग आहे, असे न विचारता सांगितले. नाव आम्हीच सांगितले, पूर्ण. त्या म्हणाल्या, "वरची जागा हवेशीर आहे, पण पावसात एका खोलीत ओल धरते, ती आधी बघून घ्या."

ओल बघितली. बरीच आहे. जागा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आईचे गुडघे दुखतात. टोकन अजून दिलेले नाही. येत्या सोमवारी पहाटे आईलाही घेऊन जाणार आहोत. जिने तिला चढवतात का ते पाहायचे, आणि मग सातच्या सुमाराची मुंबईची गाडी आम्हाला पकडता येते का तेही.