भिवंडीत नवी गाडी घ्यावी की जुनी?
२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून घरात नव्या गाडीचा हट्ट सुरू आहे. पण मंडळी, ती चालणार कुठे? अंजूरफाटा, माणकोली, राजनोली नाका! खड्डे, कंटेनरच्या रांगा, पावसाळ्यात तीनबत्तीला पाणी. मी जुनीच बघतोय. फक्त पुरात बुडालेली नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग बघा, कार्पेट उचलून वास घ्या. थकलेली ई-चलानं, आरसीवरचं बँकेचं लोन आधी तपासा. आणि हो, दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स एकरकमी भरावा लागतो. टॅक्स आधी घेता, मग रस्ता कधी देणार? हे आपण सगळ्यांनीच विचारायला हवं.