न पाहिलेल्या आलेखावरची लेबलं

दहावीला रेषीय समीकरणांचा आलेख काढला की वरच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक’ असं लिहावं लागायचं. रेषा सरळ, छेदनबिंदू बरोबर आणि ही ओळ राहिली, तर बाई मार्क कापायच्या. तेव्हा तो निव्वळ छळ वाटायचा. आता अमेरिकेतल्या एका कॉलेजसाठी मी कॅल्क्युलसचा ऑनलाइन गृहपाठ लिहिते, आणि मला बाईंचं पटतं. आलेख स्वतःहून फार थोडं सांगतो. बाकीचं त्याच्या अंगावर लिहावं लागतं.

आम्ही वेबवर्क वापरतो. रॉचेस्टर विद्यापीठातल्या आर्नल्ड पायझर आणि मायकेल गेज या दोन गणितज्ञांनी १९९०च्या दशकात ही प्रणाली उभी केली, पर्ल भाषेत. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला उदाहरण तेच, पण आकडे वेगळे. कोडमध्ये मी एवढंच सांगते, की ‘अ’ ही किंमत २ ते ६ मधली कुठलीही घे. कोणाला ३ येतो, कोणाला ५. आलेख त्या आकड्यावरून जागच्या जागी काढला जातो. म्हणजे मुलं जे चित्र बघणार आहेत ते मी लिहिताना अस्तित्वातच नसतं, आणि मला त्याच्यावर नावं घालायची असतात.

वक्र काढणं सोपं आहे. फलन, अंतराल, रंग, जाडी एका ओळीत लिहून टाकायचं. त्या ओळीतली एक सोय मला फार आवडते : अंतरालाला चौकोनी कंस दिला तर टोकाला भरीव ठिपका येतो, गोल कंस दिला तर पोकळ, आणि टोकदार कंस दिला तर काहीच येत नाही. वहीत आपण जे लिहितो तेच चित्रात उमटतं.

खरी कसोटी लेबलांची. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहॉफ यांनी नकाशावर नावं कुठे घालावीत याचे नियम लिहून ठेवले आहेत. गावाचं नाव शक्यतो ठिपक्याच्या उजवीकडे, किंचित वर. मीही सुरुवात तिथूनच करते. पण इमहॉफसमोर नकाशा असायचा. माझा ठिपका एका मुलीच्या पडद्यावर पहिल्या चरणात असतो आणि तिच्या मैत्रिणीच्या पडद्यावर तिसऱ्या.

एक हिशेब मांडून दाखवते. चारशे पिक्सेलची चौकट, दोन्ही अक्ष उणे १० ते १०. म्हणजे एक एकक वीस पिक्सेलचं. अक्षर सात पिक्सेल रुंद. (२,५) या लेबलात कंस आणि स्वल्पविराम धरून पाच चिन्हं, म्हणजे ३५ पिक्सेल, पावणेदोन एककं. तोच बिंदू (-२,-५) झाला की दोन उणे चिन्हं वाढतात आणि लेबल ४९ पिक्सेलचं, जवळजवळ अडीच एककांचं होतं. बिंदूच्या उजवीकडे लिहायला घेतलं तर ते थेट य-अक्षावर जाऊन चढतं. म्हणून कोडमध्ये अट घालायची : क्ष ऋण असेल तर लेबल डावीकडे, धन असेल तर उजवीकडे.

स्पर्शिकेचं नाव याहून चिवट. ते रेषेला लंब दिशेने थोडं सरकवलं की कुठल्याही चढाला नीट बसतं, असं कागदावर दिसतं. चढ ‘म’ असेल तर (-म, १) या दिशेने जायचं, संपलं. पण क्ष-अक्ष उणे २ ते ४ आणि य-अक्ष उणे १० ते ५० असा असेल, तर चढ १० असलेली रेषा पडद्यावर ४५ अंशांत दिसते आणि गणितातली लंब दिशा तिच्यावरून जवळजवळ आडवी निघते. तेव्हा आधी एककांचे पिक्सेल करायचे, लंब तिथे काढायचा, मग परत एककांत यायचं. बाईंची ‘प्रमाण’वाली ओळ ती हीच.

अलीकडे वेबवर्कमध्ये टिक्झ या चित्रं काढण्याच्या भाषेतही आकृत्या काढता येतात. अक्षरं देखणी येतात आणि लेबलामागे पांढरा चौकोन घालून त्याला वक्रावर बसवता येतं. बरेच जण तसं करतात. मला ते मान्य नाही. सांतत्यावरच्या प्रश्नात वक्र मधेच पांढरा झाला, तर मुलांनी ती फट समजावी की लेबल? वक्राला कुठे तोडायचं हे फलनाने ठरवावं, माझ्या टायपानं नव्हे.

आणि लेबलाने उत्तर फोडू नये. तीन वक्रांपैकी मूळ फलन कोणतं, पहिलं विकलज कोणतं, दुसरं कोणतं, असा एक ठरलेला प्रश्न असतो. वक्रांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ नावं देताना मूळ फलनाला नेहमी ‘अ’च दिलं, तर वर्गाला दोन दिवसांत पत्ता लागतो. म्हणून नावंही पिसून वाटायची, रंगही. नुसत्या रंगावर तर विसंबूच नये. लाल आणि हिरवा सारखेच दिसणारी मुलं प्रत्येक मोठ्या वर्गात असतात. ‘लाल वक्र पाहा’ असं लिहिलं की त्यांचा गृहपाठ तिथेच थांबतो.

ज्यांना चित्र दिसतच नाही त्यांच्यासाठी आकृतीला जोडून वर्णन लिहावं लागतं, पडदावाचक ते वाचून दाखवतो. इथे माझं अजून पक्कं काही ठरत नाही. ‘शिरोबिंदू (२,-३) वर असलेला पॅराबोला’ असं लिहिलं तर प्रश्न उरत नाही, आणि ‘एका फलनाचा आलेख’ एवढंच लिहिलं तर आकृती उरत नाही. सध्या मी वक्र जाळीच्या कोणत्या बिंदूंतून जातो ते डावीकडून उजवीकडे सांगते, शिरोबिंदू वगळून. बघणाऱ्याला तो दिसतो, ऐकणाऱ्याला शोधावा लागतो, म्हणजे ऐकणाऱ्याला काम जास्त पडतं. अशा प्रश्नाला आलेख खरंच हवा आहे का, हे मी आता कोड लिहायच्या आधी विचारते, आणि कधी कधी आकृती काढून टाकून सरळ तक्ता देते.