कूपरचं दुकान

"मामा, कूपर्सटाऊनला बेसबॉल सोडून आहे काय?" न्यू जर्सीतला भाचा म्हणाला. मी म्हटलं, विल्यम कूपर आहे. न्यू यॉर्क राज्यातलं हे गाव वसवणारा, कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरचा बाप. आधी गाड्यांची चाकं करणारा कारागीर, मग बर्लिंग्टनचा दुकानदार, मग ओट्सेगो तलावाकाठचा जमीनदार, न्यायाधीश, खासदार.

उन्हाळ्यात या गावात पोरांचे बेसबॉल संघ उतरतात आणि खोल्यांची भाडी आभाळाला भिडतात. मला मिळाली ती माळ्यावरची, करकरणाऱ्या जिन्याची. न्याहारीला गारढोण मफिन. बेसबॉलचं जगप्रसिद्ध संग्रहालय मी बाहेरूनच पाहिलं.

तलावातून सस्क्वेहाना नदी निघते ती ओढ्याएवढी. १७७९ साली, स्वातंत्र्ययुद्धात, अमेरिकी जनरल क्लिंटनने इथे बांध घालून पाणी तुंबवलं, मग ते एकदम सोडून दोनशेवर होड्या खाली नेल्या. त्याचे सैनिक निघाले होते इरोक्वॉ या मूळ रहिवाशांची गावं आणि उभी पिकं जाळायला. पुढे कूपरने ज्याला रान म्हटलं, ते युद्धाने ओसाड केलेलं होतं.

१७८५ साली तो इथे एकटा आला. ओढ्यातले मासे निखाऱ्यावर भाजून खाल्ले, अंगरखा पांघरून झोपला. पुढच्या वर्षी भागीदारासह लिलावात जमीन घेतली. त्या जमिनीवर दुसऱ्यांचाही दावा होता. त्यांना गाफील ठेवून हा व्यवहार उरकला. मग चाळीस हजार एकर सोळा दिवसांत विकले, असं तो स्वतः लिहितो. गिऱ्हाइकं फाटकी, म्हणून जमीन उधारीवर. वर त्याचं दुकान: कुऱ्हाडी, कढया द्यायच्या आणि बदल्यात झाडं जाळून काढलेली राख नि मेपलची साखर घ्यायची. राखेपासून पोटॅश होई. त्याला साबण आणि काचेच्या कारखान्यांत मागणी होती. १७८९च्या दुष्काळात हेरिंग माशांचे थवे नदीत चढून आले, लोकांनी डहाळ्यांच्या जाळ्यांनी पकडले, तेव्हा वस्ती तगली. मेपलच्या साखरेने वेस्ट इंडीजची गुलामांनी पिकवलेली साखर हटवायची, असं स्वप्न फिलाडेल्फियाच्या गुलामगिरीविरोधी क्वेकर पंथीयांसोबत त्यानेही पाहिलं. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र गुलाम राबत होते.

क्राइस्ट चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिथल्या गाईडने रंगवून सांगितलं, की १८०९च्या डिसेंबरात ऑल्बनीच्या सभेतून बाहेर पडताना विरोधकाने मागून डोक्यात घाव घातला आणि कूपर गेला. इतिहासकार अ‍ॅलन टेलर म्हणतात, समकालीन पुरावा शून्य. ही कथा फार उशिरा, वंशजांकडून आली. गाईडला तसं म्हटलं तर तो रागावला. मला टेलरांचं पटतं. तक्रार एवढीच, की कूपरला खानदानी होणं जमलं नाही, या गोष्टीत ते फार रमतात. माझ्या मते तो शेवटपर्यंत दुकानदार होता, आणि उधारीने उभं केलेलं उधारीनेच बुडालं. तो गेल्यावर कज्जे लागले, दहाएक वर्षांत इस्टेट संपली, जेम्सखेरीज सगळे मुलगेही गेले. बापाचा विकलेला वाडा जेम्सने १८३४ साली परत घेतला. १८५३ साली तो वाडा जळाला.

टेलरांचं 'विल्यम कूपर्स टाऊन' जाडजूड आहे, पण जाण्याआधी वाचा. आणि जुलै-ऑगस्ट टाळा.