पाचवं शील मोडलेल्याने कुठे जायचं?

दर रविवारी विहारात पंचशील होतं. पाचवं शील म्हणताना आमच्या वस्तीतल्या काही जणांचा आवाज खाली येतो, आणि काही जण येतच नाहीत. न येणाऱ्यांबद्दल आपण चळवळीतली माणसं काय बोलतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. "दारुडा", "समाजाचं नाव घालवणारा", फार तर "त्याला बाबासाहेब कळलेच नाहीत". या भाषेने कुणाची दारू सुटल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. विहार सुटल्याचं मात्र पाहिलं आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला आपण हाताला धरून बाजूला काढतो आणि १५ तारखेला विसरतो.

लगेच महाडचा दाखला येतो. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब तिथे स्त्रियांशी बोलले, तेव्हा नवरा किंवा मुलगा दारू पीत असेल तर त्याला जेवू घालू नका, असं त्यांनी बजावलं होतं. खरं आहे, आणि तो अधिकार आजही घरातल्या बाईचाच आहे. पण तिने दार लावून घेतल्यावर सकाळी शुद्धीवर आलेला तोच माणूस "मला सोडायचीय" म्हणत उभा राहिला, तर त्याला द्यायला चळवळीकडे काय आहे? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या प्रश्नासाठी देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, असं ती सांगते. उरलेल्या ३७ जणांना प्रवचनं मिळत असणार.

गेल्या पावसाळ्यात वस्तीतला सेंट्रिंगच्या कामावर जाणारा एक भाऊ स्वतःहून आमच्याकडे आला. "एकट्याने होत नाही," एवढंच म्हणाला. आम्ही तिघं त्याच्यासाठी फिरलो. १४४४६ या सरकारी हेल्पलाईनला फोन लावला, मग सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात गेलो. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत बंद केली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ. आणि भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात, त्या पुड्या कुणाच्या भाजीत मिसळू नका. त्यात काय असतं ते विकणाराही सांगत नाही.

औषधाने त्याचं अंग सावरलं. हाताची थरथर गेली, जेवण जायला लागलं. प्रश्न उरला संध्याकाळचा. पगार हातात पडतो, सोबतचे चौघं एका दिशेने वळतात, अशा वेळी फोन कुणाला करायचा? डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथेही उपचारानंतरच्या पाठपुराव्यावर भर असतो, तो याच कारणाने. पण मोहोळहून पुणे दोनशे किलोमीटरच्या वर. सोलापूर पस्तीसेक किलोमीटर, तरी तिथल्या बैठकीला वेळेत पोचायचं तर काम अर्ध्यावर सोडावं लागतं. मोहोळात विचारत फिरलो, चालू गट आम्हाला सापडला नाही.

सोलापूरच्या बैठकीत तो मोकळा बोलला. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या गटात फी नसते आणि फक्त पहिलं नाव सांगायचं असतं. १९३५ साली अमेरिकेत हे काम सुरू झालं. तिथे निनावी राहायचं ते अब्रूसाठी. आपल्याकडे आडनाव न विचारणं म्हणजे जात न विचारणं. आमचा भाऊ परत येताना एसटीत म्हणाला, "तिथं कुणी विचारलंच नाही कुठल्या गल्लीतला." मोहोळात हे जमणार नाही, इथे न सांगताच सगळ्यांना सगळं माहीत असतं. तरीही दर आठवड्याला गाठता येणारी खोली हवी ती इथेच.

एका जुन्या कार्यकर्त्याचा आक्षेप होता: त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, २२ प्रतिज्ञा घेतलेला माणूस तिथे पाठवायचा कसा? आक्षेप रास्त आहे. पण त्या गटात बसायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. आमच्या माणसाला तिथे ज्याने धरून ठेवलं ती सोबत बसलेली माणसं होती, आणि त्याला आपल्याकडे संघ म्हणतात. पालीत शीलांना 'सिक्खापद' म्हटलं आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. शिकणारा चुकणार हे त्यात धरलेलंच आहे, म्हणून तर आपण शील एकदाच घेऊन थांबत नाही. एएवालेही 'फक्त आजचा दिवस' म्हणतात. आम्हाला या दोन गोष्टींत फार अंतर दिसत नाही.

आम्ही समाजमंदिरामागची खोली बुधवारी रात्री आठ वाजता मागितली आहे. कमिटीतले काही जण पावित्र्याचं कारण काढतात. काहींना वाटतं, आत जाणारा लगेच ओळखला जाईल. त्याच खोलीत एमपीएससीची पोरं बसतात, बचत गटाच्या बायका बसतात. कोण कशाला आत गेला हे बाहेरून कळत नाही. निर्णय अजून झालेला नाही. तोवर आम्ही एका गच्चीवर बसतो. पाच जण येतात, त्यातला एक पेनूरचा आणि एक मराठा समाजातला. दोघं मध्ये पुन्हा प्यायले आणि पुढच्या बुधवारी परत आले, कुणी त्यांना हिशेब विचारला नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनसारखी बैठक वेगळी हवी. त्या पाचांच्या बायकांशी बोलणं चालू आहे. कुरूल, अनगरच्या कार्यकर्त्यांनीही आपल्या गावात संध्याकाळी कुठली खोली रिकामी असते आणि तिची किल्ली कुणाकडे असते, ते बघून ठेवावं.

जय भीम.