ती नागीण नव्हती

आमची आक्का दरवर्षी मार्च-एप्रिलात ओले काजूगर काढून रत्नागिरीच्या बाजारात शेकड्याच्या हिशेबाने विकते. हिरवी बी चिरताना सालीतला चीक हाताला लागतोच. हात काळे पडतात, कातडी सोलते. "आमचे हात असेच," म्हणून बायका गप्प बसतात.

गेल्या वर्षी जयंतीच्या तीन दिवस आधी आक्काच्या दोन्ही हातांवर लाल रेघा उठल्या. रेघांवर पाण्याने भरलेले फोड, आणि खाज अशी की रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पापण्याही सुजल्या. वाडीने निकाल दिला, नागीण! कुणी काव लावायला सांगितली, कुणी उतारा सुचवला. नातवंडांना दूर ठेवलं गेलं. जयंतीच्या जेवणात तिने भांड्यांना हात लावू नये, असं आमच्याच माणसांनी ठरवलं. हातचं पाणी नको म्हणणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मी खर्डेघाशी करणारा माणूस, वर्गणीची वही पुढ्यात घेऊन मीही गप्प बसलो.

तेराव्या तारखेला तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "एक-दोन दिवस आधी काय काम केलं होतंत?" आक्का म्हणाली, बिया चिरल्या. बाई म्हणाल्या, मग हा चीकच. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि तिची आग व दुखणं जास्त. चीक जिथे लागला तिथे उठतो, आणि लगेच नाही, साधारण बारा तासांपासून दोन दिवसांनी. म्हणून कारण ध्यानात येत नाही. घामेजल्या हाताने तोंड पुसलं की पापण्या सुजतात. वर्षानुवर्षे काही न होता एखाद्या वर्षी अंगाला तो अचानक सोसेनासा होतो.

काजू, आंबा, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. आंब्याच्या देठाच्या चिकाने ओठ उततात, ते त्यातलंच. अमेरिकेतली पॉयझन आयव्ही नावाची वेलही त्याच कुळातली. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करीत, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर असेच चट्टे उठले होते.

फोडातल्या पाण्याने हे पसरत नाही, दुसऱ्याला होत नाही. पसरतो तो नखात, सुरीच्या मुठीवर, पदरावर राहिलेला चीक. म्हणून चीक लागताच साबण-पाण्याने धुवायचं, जितकं लवकर तितकं बरं. नखंही घासायची, कपडे वेगळे धुवायचे. काम सुरू करण्याआधी हाताला खोबरेल चोळावं. हातमोजे उत्तम, पण त्यांत बी निसटते आणि शेकडा लवकर भरत नाही, हे सांगणाऱ्याला कळत नाही. फोड फोडू नयेत. साली चुलीत घालू नयेत, धुराचाही त्रास होतो. डोळे-तोंड सुजलं, फोडांत पू झाला, ताप आला तर थांबू नये. श्वास लागला तर तडक दवाखाना.

बाईंनी गोळ्या आणि मलम दिलं. रिक्षातून उतरल्यावर मी सगळ्यांसमोर आक्काकडे पाणी मागितलं. तिने तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"परवा मागायचं होतंस."