आकाशांतील वांटणी

बांधावरून भाऊबंदांत होणारे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें सहज उमगेल. जमीन वाढत नाहीं, खाणारीं तोंडें वाढतात. उपग्रहांच्या दळणवळणांतही तेंच आहे. राष्ट्राराष्ट्रांच्या करारानें वांटून दिलेला बिनतारी लहरींचा पट्टा कोणासही लांबवितां येत नाहीं. मग त्याच पट्ट्यांतून अधिक संदेश न्यावे कसे, हा प्रश्न आम्हांस उड्डाणाहूनही मनोवेधक वाटतो. वर्तमानपत्रें मात्र उड्डाणाचींच चित्रें छापतात.

पूर्वीं एक उपग्रह साऱ्या देशावर एकच रुंद झोत टाकी. ५ डिसेंबर २०१८ रोजीं फ्रेंच गियानांतील कूरू येथून गेलेल्या आपल्या जीसॅट-११ वर ग्राहकांसाठीं ३२ झोत योजिले होते. पट्ट्याचे दोन भाग करावे. प्रत्येक भागांत लहर दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं डोलवितां येते. असे चार ‘रंग’ झाले. नकाशांत शेजारच्या प्रांतांस एकच रंग देत नाहींत, तसेंच येथें. ३२ झोतांस चार रंग वांटले, तर प्रत्येक रंग आठ वेळां कामीं येतो, आणि तोच पट्टा आठपट संदेश वाहतो.

मग साऱ्या झोतांस सारा पट्टा कां न द्यावा? झोताची कड चाकूनें कापलेली नसते. ती शेजाऱ्याच्या अंगणांत सांडते. एका हॉलांत पडदा लावून दोन इयत्ता पाढे म्हणूं लागल्या, कीं पडद्याजवळच्या बांकांवरील मुलांची जी तिरपीट उडते, तीच झोताच्या कडेवरील ग्राहकाची.

यावरील युक्ति आम्हांस फार सुंदर वाटते. सर्व संदेश जमिनीवरील एकाच केंद्रांतून निघत असल्यास, कोणास काय धाडावयाचें हें त्यास आधींच ठाऊक असतें. आपणांस शेजारचें किती ऐकूं येतें हें ग्राहकांचीं यंत्रें कळवितात. केंद्र तेवढाच उलटा अंश संदेशांत पूर्वींच मिसळून देतें, आणि गोंगाट कानीं पडण्यापूर्वींच मावळतो. २०१४ सालच्या डीव्हीबी-एस२एक्स नियमावलींत याची सोय आहे. परंतु उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंच! ग्राहकाची खबर केंद्रास पोंचून सुधारलेला संदेश परत येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. शिवाय मोठ्या उपग्रहास अनेक केंद्रें लागतात, आणि एकाचें दुसऱ्यास वेळेवर कळत नाहीं.

नोव्हेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंतील केप कॅनव्हेरल येथून जीसॅट-एन२ गेला. त्याच्या ३२ झोतांपैकीं ८ अरुंद झोत एकट्या ईशान्य भारतासाठीं राखिले आहेत. तेथील डोंगरांत तारा नेणें कठीण. एखाद्या खेड्यांतील शाळेंत धडा ऐकणारें मूल झोताच्या मध्यावर आहे कीं कडेवर, यावरच गुरुजींचा शब्द त्यास स्पष्ट येईल कीं नाहीं हें पुष्कळसें ठरतें.